समृद्धीवरचा प्रवास, चार निवृत्त मित्र आणि राज्याच्या तिजोरीचा वाद

विचारणाऱ्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. ठाण्यातले चार मित्र, सगळे साठी ओलांडलेले. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, एक पाटबंधारे खात्यातले अभियंता, एक बँकेतले, आणि एक दुकान चालवून आता ते मुलाच्या हाती दिलेले. दर हिवाळ्यात एकाच गाडीने समृद्धी महामार्गावरून विदर्भात फिरायला जातात. इगतपुरी मागे पडेपर्यंत गप्पा चांगल्या चालतात, मग सरकारच्या पैशाचा विषय निघतो. एकाच्या मते लाडकी बहीण योजनेने राज्य बुडवलं, दुसऱ्याच्या मते महामार्गांच्या कर्जाने, तिसऱ्याच्या मते सरकारी नोकरांच्या पेन्शनने. गेल्या वेळी परतीच्या वाटेवर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. प्रश्न असा: राज्य खरंच दिवाळखोरीकडे चाललंय का, यातलं कोण बरोबर, आणि पुढचा प्रवास धडपणे कसा व्हावा?

नोकरीची बहुतेक वर्षं मी कोषागारात काढली, शेवटची काही मंत्रालयात वित्त विभागात. आता मीही निवृत्त आहे आणि याच रस्त्याने जातो-येतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. राज्य सरकारचं दिवाळं निघत नाही. पैसा कमी पडला की सरकार कुणाचं तरी देणं थकवतं, आणि कुणाचं थकवायचं हे ठरवणं म्हणजेच राज्याच्या अर्थकारणातलं खरं राजकारण. तुम्ही चौघं दिवाळं निघणार की नाही यावर भांडताय. थकतंय कुणाचं, हे मात्र कुणीच विचारलेलं दिसत नाही.

आता आकडे. मी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचे घेतो, जो अजित पवारांनी १० मार्च २०२५ रोजी मांडला. पुढच्या वर्षाचं पुस्तक हाती असेल तर आकडे बदलून घ्या, वाचायची रीत तीच राहील. एकूण खर्च ७ लाख कोटींच्या आसपास. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात उधारीने भरून काढायची एकूण रक्कम, १ लाख ३६ हजार २३५ कोटी. वर्षाअखेर राज्यावरचं कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी होईल असा अंदाज.

गाडीत सगळ्यात आधी फेकला जातो तो हा शेवटचा आकडा. नऊ लाख कोटी म्हटलं की माणूस घाबरतो. पण हे कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्याही किंचित आत आहे. कर्जाच्या मर्यादा सुचवायला केंद्राने नेमलेल्या एन. के. सिंह समितीने सगळ्या राज्यांसाठी मिळून २० टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. पंजाब ४० टक्क्यांच्या पुढे गेलेला आहे. राजकोषीय तूटही ३ टक्क्यांच्या मर्यादेत, २.७६ टक्के. शिवाय राज्याला हवं तेवढं कर्ज काढता येत नाही. केंद्राचं देणं शिल्लक असलेल्या राज्याला घटनेच्या २९३ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्राची संमती लागते आणि रोखे रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावाने विकावे लागतात. तेव्हा ‘कर्ज नऊ लाख कोटी, राज्य संपलं’ असं म्हणणाऱ्याला थांबवायला हरकत नाही.

थांबवा, पण त्याची काळजी मोडीत काढू नका, कारण चूक फक्त आकडा निवडण्यात आहे. माझ्या मते पाहायचा आकडा महसुली तुटीचा. घरासाठी कर्ज काढणारा माणूस आणि दर महिन्याचा किराणा उधारीवर आणणारा माणूस, दोघांच्या डोक्यावर तेवढीच रक्कम असली तरी दोघांची स्थिती एक नसते. धरण, रस्ता, रुग्णालयाची इमारत यांसाठी काढलेलं कर्ज भांडवली खर्चात दिसतं, त्यातून पुढे काही उभं राहतं. महसुली तूट मात्र पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं भागवायला लागलेली उधारी आहे. महाराष्ट्राने २००५ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा केला तो मुख्यतः ही तूट घालवण्यासाठी. २०२५-२६ च्या अंदाजात ती ४५ हजार कोटींच्या पुढे आहे आणि सत्ताधारी व विरोधक दोघंही तिच्याविषयी कमी बोलतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नोकरीत आम्ही ज्या एका आकड्याची भीती बाळगली तो हाच.

आता तुमच्या तिघा वादी मित्रांकडे येतो.

लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिना १५०० रुपये. सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता, २०२५-२६ मध्ये तरतूद ३६ हजार कोटींची झाली. गणित सोपं आहे: एका बहिणीचे वर्षाला १८ हजार, म्हणजे ३६ हजार कोटीत दोन कोटी बहिणी बसतात. निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने २१०० रुपयांचं आश्वासन दिलं होतं, विरोधी आघाडीने ३००० रुपयांचं. याच दोन कोटी महिलांना २१०० द्यायचे तर वर्षाला आणखी १४,४०० कोटी लागतील. हा आकडा डोळ्यासमोर ठेवून जून २०२५ चा निर्णय पाहा. भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर गेलं, त्यातून आणि इतर बदलांतून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील अशी अपेक्षा सांगितली गेली. सरकार कोणतंही असो, असं आश्वासन पाळायला एवढ्या आकाराचा नवा कर शोधावा लागतो.

योजनेच्या बाजूने एक गोष्ट मी ठामपणे म्हणेन. कोषागारात बसून मी अनेक योजनांचा पैसा मधल्या टेबलांवर अडकलेला पाहिला आहे. थेट बाईच्या खात्यात जाणारा पैसा तिच्यापर्यंत पोहोचतो, आणि दीड हजार रुपये हाती असलेल्या बाईला घरात वेगळं स्थान मिळतं. तेव्हा योजनेला ‘रेवडी’ म्हणून हिणवणं मला पटत नाही. पण ती कायमच्या उत्पन्नातून चालवायला हवी. ४५,८९१ कोटींची तूट आणि ३६ हजार कोटींची योजना एकाच पुस्तकात शेजारी असतील, तर आज बहिणीला दिलेल्या पैशाचा मोठा वाटा उद्या तिच्याच मुलांकडून व्याजासकट वसूल होणार, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आता पेन्शन. इथे गुरुजी आणि अभियंता साहेबांनी जरा सबुरीने ऐकावं, कारण हे मला स्वतःलाही लागू आहे. २०२५-२६ मध्ये महसुली जमेपैकी साधारण ३१ टक्के पगारावर, १३ टक्के निवृत्तिवेतनावर आणि १२ टक्के व्याजावर जातील असा अंदाज होता. म्हणजे शंभर रुपये आले की छप्पन्न आधीच ठरलेले. पेन्शनचा १३ टक्के वाटा लाडकी बहीण योजनेच्या दुपटीहूनही मोठा आहे, आणि तो घेणारे आपण दोन कोटींच्या मानाने फारच थोडे आहोत. पेन्शन हा आमचा हक्क आहे, नोकरीत कमावलेला, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने ‘फुकट वाटपाने राज्य बुडालं’ म्हणताना हा शेजारचा आकडाही उच्चारायला हवा. दुकानदार मित्राला राग येतो तो इथे, आणि त्याचा राग मला समजतो.

राज्याने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद केली. पुढे त्यांना अंशदायी आणि मग राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवलेल्या रकमेवरची पेन्शन. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला तेव्हा शाळा, रुग्णालयं, कार्यालयं सगळीकडे परिणाम दिसला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने ठराविक पेन्शनची हमी देणारी केंद्राची एकत्रित निवृत्तिवेतन योजना स्वीकारायचा निर्णय घेतला. कर्मचाऱ्यांची असुरक्षितता खरी आहे. बाजारावर अवलंबून असलेली म्हातारपणाची रक्कम कुणालाच नकोशी वाटते. पण पेन्शनच्या वादात एक गोष्ट नेहमी सुटते. आज दिलेल्या वचनाचं बिल वीस-पंचवीस वर्षांनी येतं. वचन देणारे तेव्हा सत्तेत नसतात, आणि बिल भरणारे आज मतदारही नसतात. म्हणून हे वचन देणं सगळ्याच पक्षांना सोपं जातं.

महामार्गांच्या कर्जाचा मुद्दा मांडणारा मित्र मात्र चुकीच्या कपाटात शोधतोय. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पंचावन्न हजार कोटींच्या वर खर्च करून उभा राहिला. पहिला नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा इगतपुरी–आमणे ५ जून २०२५ ला. हे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने केलं. त्यासाठी वेगळी कंपनी काढून बँकांकडून कर्ज घेतलं, म्हाडा, सिडको, एमआयडीसी अशा संस्थांकडूनही रक्कम उभी केली. ते बँक कर्ज वरच्या ९ लाख ३२ हजार कोटींत धरलेलं नाही. गाडीला किलोमीटरमागे २.०६ रुपये, म्हणजे पूर्ण रस्त्याला १४४५ रुपये टोल (एप्रिल २०२५ पासूनचा दर) तुम्ही भरता, त्यातून ते फिटायचं आहे. टोल पुरला तर प्रश्न नाही. नाही पुरला तर भार शेवटी राज्यावरच येतो. अशा महामंडळांच्या कर्जांना राज्य हमी देतं, आणि हमीची यादी महालेखापालांच्या वित्तीय लेख्यांत वेगळ्या विवरणपत्रात मिळते. मित्राने ती उघडावी. राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडली जाणारी अशी बाहेरची कर्जं केंद्र २०२२ पासून राज्याच्या कर्जमर्यादेत मोजायला लागलं आहे, म्हणजे ही काळजी दिल्लीलाही आहे. ८०२ किलोमीटरच्या, ८६,३०० कोटींच्या (२०२५ चा आराखडा) शक्तिपीठ महामार्गावर भांडायचं असेल तर शेतजमिनीच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्नही विचारा: फेडणार कोण, आणि टोल देणारी वाहनं किती?

टोलचाच आणखी एक धडा तुमच्या घराजवळ आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मुलुंडच्या नाक्यावर दरवेळी द्यावे लागणारे ४५ रुपये वाचले याचा ठाणेकरांना आनंद झाला, आणि रांगा संपल्या हा खरा फायदा. पण कंत्राट चालू होतं. बुडालेल्या टोलची भरपाई करण्याची जबाबदारी शासनावर आली. म्हणजे मुंबईत कधी पाऊलही न ठेवणारा गडचिरोलीतला माणूस तुमच्या गाडीच्या टोलात वाटा उचलतो. टोलमाफीला कुणी रेवडी म्हणत नाही, कारण ती गाडीवाल्यांना मिळते.

केंद्राकडून अन्याय होतो का, हेही तुमच्याकडे निघत असेलच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्रीय करांचा ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला, त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशचा १७.९३९. सूत्रात सर्वाधिक, ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होतं, म्हणून श्रीमंत राज्याला कमी मिळणं अपेक्षितच. याहून रास्त तक्रार उपकर आणि अधिभारांची आहे. केंद्र करांवर लावतं ते हे जादा आकार राज्यांत वाटलेच जात नाहीत. जीएसटीनंतर राज्याच्या हाती स्वतः दर ठरवता येतील असे मोठे कर थोडेच उरले: पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क. पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये विक्रीकर आहे (२०२४ चा दर). सरहद्दीजवळचे लोक गुजरातच्या किंवा गोव्याच्या पंपावर टाकी भरतात ते यामुळे.

मी सुरुवातीला थकवण्याविषयी बोललो, ते आता नीट सांगतो, कारण हे मी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे पैसा नव्हे. तरतूद झाल्यावर वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी वितरित करतो, आणि तो कधीच एकदम शंभर टक्के नसतो. पैसा आखडला की रांग लागते. व्याज सगळ्यात पुढे. ते एकत्रित निधीवर भारित असल्याने त्यावर विधिमंडळात मतदानही होत नाही. मग पगार, मग पेन्शन. नंतर गाजलेल्या, मतांच्या योजना. कात्री लागते ती त्यानंतरच्यांना: ठेकेदारांची देयकं, शिष्यवृत्त्या, वसतिगृहांचा निर्वाह भत्ता, अनुदानित संस्थांचे हप्ते, एसटीला सवलतींपोटी द्यायची प्रतिपूर्ती, भरायच्या राहिलेल्या जागा. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात देयकांचे ढीग येत. त्यातली कोणती पास होणार हे ज्याच्यामागे वजन आहे त्यावर ठरताना दिसे, आणि वसतिगृहातल्या मुलांचं देयक पुढच्या वर्षावर गेलं की मला घरी जाऊन जेवण जात नसे.

आपण पेन्शनर या रांगेत जवळजवळ पहिले आहोत. महिन्याच्या सुरुवातीला पैसे जमा होतात, म्हणून राज्याची ओढाताण आपल्याला जाणवत नाही. उलट पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट, २०२३ पासून महिलांनाही अर्धं. ही चांगली पावलं आहेत. पण या सवलतींचा पैसा सरकारकडून वेळेवर आला नाही की एसटीच्या कामगाराचा पगार लांबतो. चालकाच्या शेजारी बसून मोफत प्रवास करणाऱ्या आजोबांना हे दिसत नाही.

गाडीतला वाद नीट व्हायचा तर प्रत्येकाने एकच कागद आणावा: अर्थसंकल्पासोबत निघणारी संक्षिप्त पुस्तिका, वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात आपल्या मुद्द्याच्या ओळीपुढचे तीन रकाने पाहायचे. प्रत्यक्ष रकमा मागच्या वर्षाच्या, सुधारित अंदाज चालू वर्षाचे, अर्थसंकल्पीय अंदाज पुढच्या वर्षाचे. भाषण पुढच्या वर्षाच्या रकान्यावर होतं, सत्य मागच्या वर्षाच्या रकान्यात असतं. एखाद्या योजनेला हजार कोटी जाहीर झाले आणि प्रत्यक्षात चारशे खर्च झाले, तर सहाशे कुणाचे थकले हा प्रश्न निघतो, आणि तिथे चौघंही एका बाजूला येता. दुसरा कागद पुरवणी मागण्यांचा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्प मांडला आणि दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अकल्पित खर्चासाठी असलेली ही सोय इतकी मोठी झाली की मूळ अर्थसंकल्पाचा अर्थच पातळ होतो. हे कोणत्याही पक्षाच्या समर्थकाने मान्य करायला हवं.

प्रवासाबद्दल थोडं, पण तेवढंच गांभीर्याने. गाडी चालवणाऱ्याने वाद घालायचा नाही आणि त्याला वादात ओढायचंही नाही. समृद्धी सरळ आणि एकसुरी आहे, ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि साठीनंतर डोळा व प्रतिसाद दोन्ही मंदावतात. १०० च्या आत ठेवा, दर दोन तासांनी चालक बदला, दुपारी जेवल्यावर लगेच चाक हाती घेऊ नका. टायर जुने असतील तर निघण्याआधी बदला; काँक्रीटवर तापून फुटणं हे इथल्या अपघातांचं मोठं कारण आहे. राष्ट्रीय महामार्गांचा फास्टॅग वार्षिक पास इथे चालत नाही, तेव्हा खात्यात रक्कम ठेवा. एका दिवसात नागपूर गाठायचा अट्टाहास सोडा. मेहकरला उतरून लोणार पाहा, किंवा जिजाऊंच्या सिंदखेडराजाला थांबा. वाद मुक्कामी, जेवणानंतर, कागद समोर ठेवून. नोव्हेंबरात निघत असाल तर हयातीचा दाखला आधी देऊन टाका. जीवन प्रमाण आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं.

आणि जमलं तर यंदा नागपूरला हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत पोहोचा. हॉटेलची खोली महिनाभर आधी धरावी लागेल. ओळखीच्या आमदारांकडून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला तर पुरवणी मागण्यांवरची चर्चा ऐका. नाही मिळाला तरी यशवंत स्टेडियमच्या परिसरात जा. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कंत्राटी आरोग्य कर्मचारी तिथे दरवर्षी बसलेले असतात. गुरुजींनी त्यांच्याशी बोलावं, दुकानदार मित्रानेही बोलावं. काय थकलंय, किती महिन्यांचं, कोणत्या विभागाकडे, एवढं विचारून लिहून आणा, आणि मग ती रक्कम पुस्तिकेत कोणत्या ओळीत आहे ते चौघांनी मिळून शोधा. शोधताना कुठे अडलात तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.